क्रेडिट इन्क्वायरीने स्कोर का हलतो: यामागचा इतिहास

"स्वतःचा स्कोर सारखा बघू नकोस, बघितला की पडतो" हे इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता खरंच राग येतो, कारण या भीतीपायी माणसं वर्षानुवर्षं आपला क्रेडिट रिपोर्ट (आपल्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, जिच्यावरून स्कोर निघतो) उघडतच नाहीत आणि त्यात भलत्याच कुणाचं लोन चिकटलेलं असलं तरी पत्ता लागत नाही. आणि गंमत म्हणजे हीच माणसं एका आठवड्यात चार-पाच क्रेडिट कार्डांना अप्लाय करून मोकळी होतात, जिथे खरोखर फरक पडतो, कारण प्रत्येक अर्जावर बँक आपला रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद, म्हणजे इन्क्वायरी, रिपोर्टवर राहते. हा घोळ कुठून आला ते कळायचं तर जरा मागे जावं लागतं, स्कोर नावाचा प्रकार जन्माला यायच्याही बऱ्याच आधी.

१८३७ च्या अमेरिकेतल्या मोठ्या मंदीत लुईस टॅपन नावाचा न्यूयॉर्कचा रेशीम व्यापारी चांगलाच अडचणीत आला, गिऱ्हाइकांकडे उधारी अडकली आणि देणी थकली. त्यातून धडा घेऊन त्याने १८४१ मध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वकील आणि ओळखीचे लोक तिथल्या व्यापाऱ्यांची माहिती कळवायचे (अब्राहम लिंकनसुद्धा वकिली करत होते तेव्हा अशी माहिती पाठवायचे), ती मोठमोठ्या वह्यांमध्ये उतरवली जायची. वर्गणी भरलेला व्यापारी ऑफिसात यायचा, ज्याला माल उधार द्यायचाय त्याचं नाव सांगायचा, कारकून वही काढून तेवढा भाग वाचून दाखवायचा, हातात कागद द्यायचे नाहीत. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं वाचलं जातंय त्याला आपली चौकशी झाली याची गंधवार्ताही नसायची. माझ्या मते सगळ्या इतिहासातली मुख्य गोष्ट हीच आहे, चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी होते तो, यातल्या एकालाच सगळं माहीत.

ही एजन्सी व्यापाऱ्यांपुरती होती. साध्या गिऱ्हाइकांच्या फायली पुढे वेगळ्या कंपन्यांनी बनवल्या, त्यातली एक १८९९ मध्ये वुलफर्ड बंधूंनी अटलांटात काढलेली रिटेल क्रेडिट कंपनी, जिचं नाव १९७५ नंतर इक्विफॅक्स झालं. विमा कंपन्या आणि नोकरी देणाऱ्यांसाठी माहिती काढायची तर हिचे लोक शेजारीपाजारी जाऊन विचारायचे, हा दारू पितो का, घरात भांडणं होतात का, चालचलणूक कशी आहे. ऐकीव गोष्टी फायलीत जायच्या आणि त्यावर नोकरी किंवा विमा नाकारला जायचा, कारण मात्र सांगायचं नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी या फायली कॉम्प्युटरवर चढवायची भाषा सुरू झाली तेव्हा लोक खरे घाबरले, अमेरिकन संसदेत सुनावण्या झाल्या, सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी विषय लावून धरला आणि १९७० मध्ये फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट आला.

या कायद्यातली एक तरतूद इथे फार महत्त्वाची आहे. रिपोर्ट कुणीही उठून काढायचा नाही, त्यासाठी कायद्यात बसणारं कारण पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर कुणाकुणाला तुझा रिपोर्ट दिला ते ब्युरोने (अशा फायली ठेवणाऱ्या कंपनीने) सांगायचं. नोकरीसाठी दिला असेल तर मागच्या २ वर्षांची नावं, बाकी कामांसाठी दिला असेल तर मागच्या ६ महिन्यांची (ही मुदत पुढे १ वर्ष झाली). म्हणजे बघा, आज रिपोर्टच्या शेवटी जी इन्क्वायरीची यादी दिसते, तारीख आणि कोणत्या बँकेने रिपोर्ट मागवला ते, ती बघायचा हक्क तुमच्या बाजूने आलेला आहे. आपल्या मागे कोण आपली फाईल उघडतंय हे माणसाला कळावं म्हणून.

मग हीच यादी स्कोर पाडायला कशी लागली? ती गोष्ट दुसरीकडून येते. १९५६ मध्ये बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी कॅलिफोर्नियात फेअर, आयझॅक कंपनी सुरू केली, कर्ज फिटेल की नाही हे आकडेमोडीने सांगायचं म्हणून. १९५८ मध्ये ५० कर्ज कंपन्यांना पत्रं पाठवली, उत्तर एकाच कंपनीचं आलं. पुढे १९७४ च्या कायद्याने बाई आहे की पुरुष, लग्न झालंय की नाही यावरून कर्ज नाकारायला बंदी आली, दोनच वर्षांत त्यात वंश, धर्म वगैरे जोडले गेले, आणि साहेबाला माणूस पटला-न-पटला यापेक्षा आकडेवारीवर उभा असलेला स्कोर सावकारांनाही सोयीचा वाटायला लागला. ब्युरोच्या डेटावर चालणारा सगळ्यांसाठीचा फायको स्कोर (फायको म्हणजे फेअर, आयझॅकचंच छोटं नाव) १९८९ मध्ये आला, १९९५ मध्ये फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांनी घरकर्जासाठी तो वापरायला सांगितलं आणि मग तो सगळीकडे पसरला.

आता मॉडेल बनवणाऱ्यांनी रिपोर्टमधली प्रत्येक गोष्ट तपासली, त्यात इन्क्वायऱ्याही आल्या. आणि त्यांत खरंच तथ्य निघालं. फायको स्वतः सांगते की ज्यांच्या रिपोर्टवर ६ किंवा जास्त इन्क्वायऱ्या आहेत त्यांची एकही इन्क्वायरी नसलेल्यांपेक्षा दिवाळखोरी जाहीर करायची शक्यता ८ पटीपर्यंत जास्त असते. कारण समजण्यासारखं आहे. पैशाची ओढाताण झालेला माणूस एकदम चार ठिकाणी अर्ज टाकतो, पण नवीन लोन मंजूर झालं तरी ते रिपोर्टवर यायला वेळ जातो, बँक आपला डेटा पाठवेल तेव्हा ते दिसणार, इन्क्वायरी मात्र लगेच उमटते, म्हणजे पुढच्या सावकाराला मिळणारी पहिली खूण तीच. मॉडेलला अर्ज का केला हे कळत नाही, फक्त किती केले ते कळतं.

पण वजन किती, ते नीट बघा, कारण भीती सगळी इथेच फुगते. फायकोमध्ये वेळेवर हप्ते भरण्याला ३५ टक्के, एकूण किती देणं आहे त्याला ३० टक्के, आणि नवीन कर्जाला सगळं मिळून १० टक्के, इन्क्वायऱ्या त्या दहातला एक भाग. एका इन्क्वायरीने बहुतेकांचे ५ पेक्षा कमी पॉइंट जातात. रिपोर्टवर ती २ वर्षं दिसते पण फायको फक्त मागच्या १२ महिन्यांच्या मोजते. ज्याची फाईल नवीकोरी आहे, एखाददुसरंच खातं आहे, त्याला धक्का जरा जास्त बसतो.

यात एक अन्याय मात्र होताच. शहाणा माणूस घरकर्ज घ्यायच्या आधी चार बँकांचे दर विचारणार, आणि गाडीच्या बाबतीत तर तुम्ही एकच फॉर्म भरता, डीलर तो पाच-सहा फायनान्सवाल्यांना पाठवतो आणि रिपोर्टवर एकाच तारखेच्या पाच-सहा ओळी. गाडी एकच घ्यायची असते. म्हणून नियम बदलले, घर, गाडी आणि शिक्षण कर्जाच्या इन्क्वायऱ्या फायकोच्या जुन्या व्हर्जनमध्ये १४ दिवसांत आणि नव्यात ४५ दिवसांत झाल्या तर एकच धरतात, शिवाय शेवटच्या ३० दिवसांतल्या तर स्कोर काढताना धरतच नाहीत. क्रेडिट कार्डांना ही सवलत नाही, तिथे प्रत्येक अर्ज वेगळा.

आणि सॉफ्ट इन्क्वायरी, म्हणजे कर्जाचा अर्ज न करता झालेली चौकशी, जी स्कोरमध्ये धरत नाहीत. १९९६ च्या दुरुस्तीत कायद्यानेच म्हटलं की गिऱ्हाइकाने न मागता झालेल्या चौकश्या, म्हणजे प्री-अप्रूव्हड ऑफरसाठी केलेल्या, ब्युरोने दुसऱ्या सावकाराला दाखवायच्या नाहीत. स्वतः स्वतःचा रिपोर्ट बघणं हेही सॉफ्टच, ते फक्त तुम्हाला दिसतं, स्कोरमध्ये शून्य. २००३ च्या कायद्याने वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळायचा हक्क आला, आणि त्याच कायद्यात एक छोटी तरतूद आहे जी मला फार आवडते: स्कोर देताना तो खाली खेचणारी मुख्य कारणं चारच सांगायची असतात, पण इन्क्वायऱ्यांमुळे पॉइंट गेले असतील तर ते पाचवं कारण म्हणूनही सांगावंच लागतं.

हीच रचना मग बाकी देशांत गेली. भारतात सिबिल ही क्रेडिट ब्युरो कंपनी २००० मध्ये स्थापन झाली, ब्युरोंचा कायदा २००५ चा, २०१७ पासून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ब्युरोंना सांगितलं की कुणी बँक रिपोर्ट काढेल तेव्हा त्या माणसाला एसएमएस किंवा ईमेल गेला पाहिजे. आता विचारायलाही जावं लागत नाही, आपली फाईल उघडली की फोन वाजतो, आणि आपण कुठे अर्जच केलेला नसेल तर त्याच दिवशी त्या बँकेकडे आणि ब्युरोकडे तक्रार टाकता येते.