सरासरीला न जुमानणारे इलेक्ट्रॉन

टोकामॅक या संलयन यंत्राच्या पोटात, चुंबकीय क्षेत्राने कोंडलेला प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू) १० कोटी अंशांच्या वर तापतो, आणि बातम्या त्याच आकड्याच्या होतात. पण संलयन अणुभट्टीची भिंत टिकणार की नाही, हे ठरतं प्लाझ्माच्या कडेला. तिथलं तापमान त्यामानाने किरकोळ असतं, १०-२० लाख अंश. कडेवरून निसटलेली उष्णता चुंबकीय क्षेत्ररेषांच्या बाजूने धावते आणि डायव्हर्टर नावाच्या भागावर जाऊन आदळते. तिचा झोत जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा. दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या टंगस्टनच्या डायव्हर्टरने दर चौरस मीटरला सुमारे १० मेगावॅट उष्णता सतत सोसावी, अशी अपेक्षा आहे. सूर्याचा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे ६३ मेगावॅट बाहेर टाकतो, म्हणजे हा भार त्याच्या सहाव्या हिश्शाइतका झाला.

क्षेत्ररेषेवरून ही उष्णता वाहून नेतात ते मुख्यतः इलेक्ट्रॉन. किती नेतात, याचं सूत्र लायमन स्पिट्झर आणि रिचर्ड हार्म यांनी १९५३ मध्ये मांडलं. धातूची सळई एका टोकाला तापवली की उष्णता तापमानाच्या उताराप्रमाणे वाहते, तसंच इथेही. फरक एवढाच की प्लाझ्माची उष्णतावाहकता तापमानाच्या अडीचाव्या घाताने वाढते. तापमान दुप्पट झालं तर वाहकता साडेपाचपटींहून जास्त होते. सूत्र देखणं आहे आणि आजही रोज वापरलं जातं. मात्र त्यामागे एक गृहीतक आहे: इलेक्ट्रॉन थोडं अंतर कापतो, धडकतो, आणि त्या जागेच्या तापमानाशी जुळवून घेतो.

गोची इथेच आहे. प्लाझ्मातली 'धडक' म्हणजे विद्युत्बलाने बसलेले असंख्य बारीक हिसके. वेगवान इलेक्ट्रॉन दुसऱ्या कणाजवळून इतक्या झटकन निघून जातो की हिसका बसायला वेळच मिळत नाही. म्हणून दोन धडकांमधलं अंतर वेगाच्या चौथ्या घाताने वाढतं. कडेवरच्या साधारण इलेक्ट्रॉनसाठी ते १० मीटरच्या आसपास असू शकतं. डायव्हर्टरजवळच्या थंड, दाट प्लाझ्मात तेच काही मिलिमीटरवर येतं. पण उष्णतेचा मोठा वाटा उचलणारे इलेक्ट्रॉन साधारण नसतातच. त्यांचा वेग सरासरीच्या तीन-चार पट असतो. चौथा घात लावून पाहा: त्यांचं अंतर किलोमीटरच्या घरात जातं, आणि क्षेत्ररेषा असते फार तर शे-दीडशे मीटरची! स्थानिक तापमानाशी या मंडळींचा संबंध तो काय राहणार?

यावर जुना तोडगा असा, की सूत्राचं उत्तर फारच मोठं आलं तर त्याला एका ठरावीक गुणकाने लगाम घालायचा. काम भागतं, पण परिस्थिती बदलली की गुणकही बदलावा लागतो. मला तरी हे भौतिकशास्त्रापेक्षा ठिगळच जास्त वाटतं.

खरा उपाय म्हणजे कायनेटिक मॉडेल. त्यात तापमान हा एकच आकडा न धरता, प्रत्येक ठिकाणी कोणत्या वेगाचे किती इलेक्ट्रॉन आहेत याचा पूर्ण हिशेब ठेवला जातो. हिसक्यांसाठी फोकर-प्लँक समीकरण वापरतात. त्याच्या मुळाशी लेव्ह लँडाऊ यांचं १९३६ चं काम आहे. किंमत मात्र जबर. जागेच्या तीन आणि वेगाच्या तीन मिती. प्रत्येकीचे शंभर भाग पाडले तरी एक लाख कोटी खाने होतात. म्हणून सहसा क्षेत्ररेषेवरची एकच दिशा घेतात, आणि वेगाच्या बाबतीत तो किती आहे व त्याचा क्षेत्ररेषेशी कोन किती, एवढंच पाहतात.

एवढ्यावरूनही चित्र बदलतं. तापमानाच्या उताराच्या तीव्र भागात उष्णतेचा प्रवाह जुन्या सूत्रापेक्षा कमी निघतो, तर खाली थंड भागात जास्त, कारण वरून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन तिथवर न धडकता पोहोचतात. डायव्हर्टरपाशी त्यांना आणखी महत्त्व येतं. हायड्रोजनचा अणू उत्तेजित करायला १०.२ आणि त्याचं आयनीभवन करायला, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन काढून त्याचा आयन करायला, १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि तिथलं तापमान असतं याच मापात दोन-पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे साधारण २०-६० हजार अंश. ही कामं मूठभर वेगवान इलेक्ट्रॉनच करतात, आणि करताना आपली ऊर्जा गमावून बसतात. त्यांची भरपाई वरून किती होते, यावर प्लाझ्मा भिंतीपासून अलग होऊन थंडावणार का, हे बऱ्याच अंशी अवलंबून असतं.

अशी गणितं अजून संपूर्ण यंत्रासाठी करणं परवडत नाही. डायव्हर्टरजवळच्या धडका नॅनोसेकंदांत घडतात आणि प्लाझ्मा स्थिरावायला मिलिसेकंद लागतात. संगणकाला दोन्ही एकदमच सांभाळावे लागतात. त्यामुळे सध्या बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉन तेवढे कायनेटिक पद्धतीने आणि आयन द्रवासारखे, अशी जोडी जमवतात.