तिसरी सही: इंग्लंडमधल्या ‘ॲम्प’ या पदामागचा इतिहास

इंग्लंडमध्ये एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध मनोरुग्णालयात न्यायची वेळ आली की दोन डॉक्टर येतात, त्याला तपासतात, शिफारशीच्या कागदांवर सह्या करतात आणि बहुतेकदा पुढच्या कामाला निघून जातात. मागे एक जण उरतो. तो डॉक्टर नसतो. दाखल करण्याचा अर्ज करायचा की नाही, हे तो ठरवतो. त्याने अर्ज केला नाही तर दोघा डॉक्टरांच्या सह्यांचा काही उपयोग होत नाही. कायद्याने जवळच्या नातेवाइकालाही हा अर्ज करता येतो, पण व्यवहारात असं क्वचितच घडतं.

अर्ज झाला की रुग्णवाहिका बोलवायची, तिची वाट बघत त्या माणसाजवळ बसून राहायचं, गॅस बंद आहे ना ते पाहायचं, किल्ली कुणाकडे द्यायची आणि मांजराला कोण सांभाळणार हे ठरवायचं, हेही त्याच्याच गळ्यात. मांजराची गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाही. दाखल झालेल्या माणसाचं घर, सामान आणि पाळीव प्राणी सांभाळायची जबाबदारी कायद्याने कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेवर, टाकली आहे. या पदाचं पूर्ण नाव अप्रूव्हड मेंटल हेल्थ प्रोफेशनल. कागदावर एएमएचपी, बोलताना नुसतं ‘ॲम्प’. आणि दाखल करण्याला, कायद्याच्या कलमावरून (सेक्शन), सगळे म्हणतात ‘सेक्शन करणं’. तिथल्या मराठी घरांतही ‘त्याला सेक्शन केलं’ असंच बोललं जातं, दबक्या आवाजात.

एखाद्याचं स्वातंत्र्य काढून घेण्याचा अर्ज वैद्यकाबाहेरच्या, स्थानिक समाजसेवा खात्याने मान्यता दिलेल्या माणसाच्या हाती का दिला असेल? हे कुणी एका बैठकीत ठरवलेलं नाही. त्यामागे जवळपास दोनशे वर्षांची घडामोड आहे, आणि तिची सुरुवात वेडापेक्षा गरिबीशी जास्त जोडलेली आहे.

१८३४ च्या गरीब कायद्याने ‘रिलीव्हिंग ऑफिसर’ हा माणूस पुढे आणला. कुणाला मदत द्यायची आणि कुणाला वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवणाऱ्या सरकारी आश्रयगृहात, पाठवायचं, हे तो बघायचा. १८४५ मध्ये प्रत्येक काउंटीला वेड्यांचं इस्पितळ बांधणं सक्तीचं झालं, आणि गरीब वेड्यांना तिथे पोचवण्याचं कामही याच माणसाकडे आलं. म्हणजे भाकरी देणारा आणि उचलून नेणारा एकच. वस्तीत त्याला लोक का घाबरत असतील ते वेगळं सांगायला नको.

पैसेवाल्यांची वाट निराळी होती. नातेवाइकाने लिहून द्यायचं, दोन डॉक्टरांनी दाखले द्यायचे, आणि माणूस आत. मॅजिस्ट्रेटचा संबंधच नाही. त्यातून नको असलेली बायको किंवा वारसाच्या आड येणारा भाऊ वेडा ठरवला जाईल ही भीती व्हिक्टोरियन समाजाला सतत सतावत होती. १८७८ मध्ये जॉर्जिना वेल्डन यांच्या नवऱ्याने त्यांना असंच आत टाकायचा घाट घातला. त्या घरातून निसटल्या, कागदांची मुदत संपेपर्यंत लपून राहिल्या, आणि पुढे कायद्यात बदल होऊन विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा लावता येऊ लागल्यावर त्यांनी डॉक्टरांना कोर्टात खेचलं. अशा प्रकरणांनी पेटलेल्या लोकमतातून १८९० चा ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेड्यांविषयीचा कायदा, आला. आता पैसे भरणाऱ्या रुग्णालाही मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय अडकवता येईना. मात्र त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने रिलीव्हिंग ऑफिसरला एक मोकळीक ठेवली होती: कुणाच्या हितासाठी किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी गरज वाटली तर तो त्या माणसाला तीन दिवसांपर्यंत वर्कहाउसमध्ये ठेवू शकत होता.

या कायद्याची छाया आपल्याकडेही पडली. १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट त्याच विचारातून आलेला. मॅजिस्ट्रेटचा ‘रिसेप्शन ऑर्डर’ (दाखल करून घेण्याचा हुकूम) हा शब्द ठाण्याच्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयांच्या कागदांत कित्येक दशकं टिकला. १९८७ च्या भारतीय कायद्यातही तो होताच. इंग्लंडने मात्र त्याच्या कितीतरी आधी मॅजिस्ट्रेटला या कामातून बाजूला केलं होतं.

तिथे पहिला बदल १९३० मध्ये झाला. स्वतःहून दाखल होण्याची सोय आली आणि ‘असायलम’ हा शब्द कायद्यातून गेला. १९४८ मध्ये गरीब कायदा संपला आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. रिलीव्हिंग ऑफिसरचं पद गेलं, पण त्यांपैकी अनेक जण कौन्सिलच्या आरोग्य खात्यात ‘ड्यूली ऑथराइज्ड ऑफिसर’ झाले. पाटी बदलली, तीन दिवसांचा अधिकार तोच राहिला.

खरा उंबरठा १९५९ चा. लॉर्ड पर्सी यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९५७ मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून मेंटल हेल्थ ॲक्ट आला. मानसिक आजार हा आजारच आहे, मग दाखल करताना कोर्टकचेरी कशाला, असा त्यामागचा विचार. त्यात माणुसकी होती हे नाकारता येत नाही. मॅजिस्ट्रेट गेला, वैद्यकीय शिफारशी राहिल्या, आणि अर्ज करायला नातेवाईक किंवा ‘मेंटल वेल्फेअर ऑफिसर’. पण डॉक्टरला अडवणारं कुणीतरी हवं, ही जागा कोर्टासोबतच रिकामी झाली, आणि ती या अधिकाऱ्याने भरायची आहे असं त्याला कायद्याने स्पष्ट सांगितलं नाही. बहात्तर तासांसाठीच्या तातडीच्या कलमाचा वापर सर्रास होऊ लागला. एका डॉक्टरची सही, गाडी, आणि माणूस आत.

दुसरीकडे १९६१ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी टेकड्यांवरची जुनी मनोरुग्णालयं बंद करण्याची दिशा जाहीर केली. रुग्ण गावात राहणार म्हणजे काम कौन्सिलचं वाढणार. १९७१ मध्ये सीबोम समितीच्या शिफारशीनुसार समाजसेवेची सगळी कामं एका खात्यात आली. मुलं, वृद्ध, अपंग आणि मनोरुग्ण, सगळं एकाच सोशल वर्करच्या फायलींत. जुन्या वेल्फेअर ऑफिसरांची जाण त्यात विरघळून गेली. काल मुलाच्या दत्तकविधानाचं काम बघणारी व्यक्ती आज एखाद्याला कोंडून ठेवण्याच्या अर्जावर सही करते, हे धोक्याचं होतं. सत्तरच्या दशकात मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या माइंड या संस्थेने, विशेषतः तिथले वकील लॅरी गॉस्टिन यांनी, रुग्णांच्या हक्कांचा प्रश्न लावून धरला. सोशल वर्करांच्या संघटनेचीही मागणी होती: हा अधिकार द्यायचा तर प्रशिक्षण द्या, आणि डॉक्टरांपासून स्वतंत्र निर्णय घेता येईल असा द्या.

१९८३ च्या कायद्याने ते दिलं. ‘अप्रूव्हड सोशल वर्कर’ हे पद ऑक्टोबर १९८४ पासून लागू झालं. त्या कायद्याचं तेरावं कलम मला या सगळ्या इतिहासाचं काळीज वाटतं. अर्ज करण्याआधी त्या माणसाशी ‘योग्य रीतीने’ बोललं पाहिजे, आणि सगळी परिस्थिती पाहता रुग्णालयात ठेवणं हाच सर्वांत योग्य मार्ग आहे अशी स्वतःची खात्री पटली पाहिजे. स्वतःची, म्हणजे वरिष्ठाची नाही, कौन्सिलची नाही, डॉक्टरांचीही नाही. साहेबाने ‘अर्ज कर’ म्हटलं तरी न करण्याचा अधिकार, आणि जबाबदारीही, त्या एकट्या व्यक्तीची. दुसऱ्या कलमाखाली अठ्ठावीस दिवस, तिसऱ्याखाली सुरुवातीला सहा महिने, एवढं एखाद्याचं आयुष्य त्या खात्रीवर टांगलेलं असतं.

‘योग्य रीतीने’ या दोन शब्दांत काय काय येतं याचं एक उदाहरण घ्या. लेस्टरमध्ये किंवा लंडनमध्ये मुलाकडे राहणारी एखादी आजी. ती म्हणते, ‘मंगळवारी माझ्या अंगात येतं, देवी बोलते.’ मुलगा घाईघाईने इंग्रजीत सांगतो की आईला आवाज ऐकू येतात. डॉक्टरांच्या वहीत लगेच लक्षण म्हणून नोंद होते. आजीच्या गावात दर मंगळवारी चार बायकांच्या अंगात येत असेल, आणि खरा आजार कदाचित तिने आठ दिवस न जेवण्यात असेल. हे कळायला बाहेरचा मराठी दुभाषा लागतो. घरच्यांकडून हे काम करून घेऊ नये असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दुभाषा येईपर्यंत थांबा, असं दोन डॉक्टरांना सांगू शकणारी व्यक्ती त्या खोलीत असावी, यासाठीच तर ही एवढी धडपड झाली.

२००७ च्या दुरुस्तीने सोशल वर्करांची मक्तेदारी संपवली. ३ नोव्हेंबर २००८ पासून परिचारिका, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञही प्रशिक्षण घेऊन ॲम्प होऊ शकतात. डॉक्टर मात्र होऊ शकत नाहीत. ज्या परिचारिकेचा पगार रुग्णालय देतं, ती त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरला नाही कसं म्हणणार, हा आक्षेप तेव्हा जोरात घेतला गेला आणि तो रास्त होता. उपाय असा काढला की नोकरी कुठेही असो, मान्यता स्थानिक समाजसेवा प्राधिकरणच देणार आणि काम त्याच्याच वतीने होणार. दोन डॉक्टर आणि ॲम्प असे तिघेही एकाच टीममधले नसावेत असा नियमही आला. मान्यता पाच वर्षांची, दरवर्षी अठरा तासांचं प्रशिक्षण. प्रत्यक्षात आजही बहुतांश ॲम्प सोशल वर्करच आहेत. उत्तर आयर्लंडने जुनं नाव ठेवलं, आणि स्कॉटलंडमधल्या ‘मेंटल हेल्थ ऑफिसर’ या पदावर फक्त सोशल वर्करच येतात.

एवढं करूनही सगळं ठीक झालं असं नाही. एकट्या इंग्लंडमध्ये वर्षाला पन्नास हजारांहून अधिक वेळा लोकांना असं दाखल केलं जातं, आणि कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या कित्येक पट आहे. या कायद्याचा फेरविचार करणाऱ्या २०१८ च्या वेसली समितीने यावर बोट ठेवलं. कायद्याने ठरवून दिलेल्या ‘जवळच्या नातेवाइका’ऐवजी रुग्णाने स्वतः निवडलेला माणूस असावा, अशीही तिची शिफारस होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात ती आली. भारताच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाला असा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क आधीच दिला होता. आपल्याकडे त्या प्रतिनिधीच्या अर्जावर दोन तज्ज्ञ तपासणी करतात आणि वर पुनरावलोकन मंडळ असतं. पण स्थानिक समाजसेवेतून आलेली, स्वतःच्या सहीला स्वतः जबाबदार असलेली तिसरी व्यक्ती आपल्या रचनेत नाही. मला ती उणीव वाटते.

आणि तिथे त्या व्यक्तीपुढची आजची अडचण अगदी साधी आहे. ॲम्पच्या अर्जावर रुग्णालयाचं नाव लिहावं लागतं. खाट मिळाल्याशिवाय नाव लिहिता येत नाही, आणि नाव नाही तर अर्ज नाही. डॉक्टर सह्या करून गेलेले असतात. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. समोर घाबरलेला माणूस येरझारा घालत असतो, त्याची आई स्वयंपाकघरात रडत असते, आणि ॲम्प सोफ्याच्या कडेला बसून, मांडीवर अर्ज ठेवून, एकामागून एक वॉर्डांना फोन लावत असतो.