करार (हिब्रू शास्त्र)

इस्राएलाच्या परमेश्वराने एखाद्या माणसाला, घराण्याला किंवा सबंध लोकांना दिलेले बांधील वचन. नोहा, अब्राहाम, सीनाय पर्वतापाशी जमलेले इस्राएल लोक आणि दावीद राजाचे घराणे यांच्याशी झालेले करार प्रमुख मानले जातात. देव विश्वासू आहे असे शास्त्र म्हणते, ते या वचनांच्या आधारावर.

कराराचा विधी उत्पत्ती या ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात तपशिलाने आला आहे. अब्रामाने (पुढे अब्राहाम) तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून अर्धे भाग समोरासमोर मांडले. होला आणि पारव्याचे पिल्लू मात्र चिरले नाही. मांसावर झडपणारे पक्षी तो हाकलत राहिला. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली आणि अंधार पडल्यावर धुमसती भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून गेली. तुकड्यांमधून चालणे म्हणजे काय, हे यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या ३४ व्या अध्यायात कळते. सिद्कीया राजाच्या काळात यहूदाचे सरदार असेच चिरलेल्या वासराच्या मधून गेले, त्यांनी हिब्रू दासांना मुक्त केले आणि लगेच पुन्हा धरून आणले. तेव्हा तुमची गत त्या वासरासारखी होईल, असे संदेष्ट्याने बजावले. अब्रामाच्या वेळी तुकड्यांमधून फक्त देवाच्या बाजूने अग्नी गेला. म्हणून ते वचन पाळण्याचा भार देवाने स्वतःवर घेतला, असा अर्थ लावला जातो.

सीनायचा करार अटींचा आहे: आज्ञा पाळल्यास आशीर्वाद, मोडल्यास शाप (अनुवाद २८). तरी लेवीय २६ मध्ये शापांच्या लांबलचक यादीनंतर पूर्वजांशी केलेला करार देव आठवील, असेही सांगितले आहे. या अटी विसरल्या की वचनाचा विमा होतो. मंदिर इथे आहे, मग नगर पडणार कसे, अशी यरुशलेमकरांची खात्री होती. यिर्मयाने त्यांना आधीचे पवित्रस्थान असलेल्या, पण उद्ध्वस्त झालेल्या शिलोकडे बोट दाखवले. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले.

वचन आणि पूर्ती यांत मोठे अंतर असते. अब्राहाम ७५ वर्षांचा असताना संततीचे वचन मिळाले, मुलगा इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. वतन म्हणून सांगितलेल्या देशात पत्नी सारेला पुरण्यासाठी त्याला मकपेलाची गुहा व शेत ४०० शेकेल चांदी मोजून विकत घ्यावे लागले.

या अंतरात विश्वास कसा दिसतो, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण यिर्मया ३२ मध्ये आहे. यरुशलेमला वेढा पडलेला, स्वतः यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याने चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथचे शेत १७ शेकेलांना घेतले. चांदी तराजूत तोलली, खरेदीखतावर साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती टिकाव्यात म्हणून आपला लेखनिक बारूख याच्याकरवी मातीच्या भांड्यात ठेवल्या. या देशात घरे, शेते, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हे वचन त्याने व्यवहारात उतरवले.

वचनाच्या बळावर देवाला जाबही विचारता येतो. लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजले त्या प्रसंगी मोशे देवाला पूर्वजांना वाहिलेल्या शपथेची आठवण करून देतो. स्तोत्र ८९ दावीदाशी केलेल्या कराराचे गुणगान गाते आणि मध्येच वळून, तुझी पूर्वीची दया कुठे गेली, असे विचारते. ही तक्रार शास्त्राने गाळली नाही. दुःखातल्या भाविकाला हेच प्रार्थनेचे शब्द मोलाचे वाटतात.

यिर्मया २९:११ हे ‘भविष्य व आशा’ देणारे वचन अनेकदा सुटे वाचले जाते. ते बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत ७० वर्षांचा अवधी आहे, आणि त्याआधी घरे बांधा, मळे लावा, असा आदेश. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता.

ज्यू घरांत करार आठव्या दिवशीच्या सुंतेने पिढ्यानपिढ्या पुढे जातो. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या दास्यातून सुटकेच्या सणाच्या, भोजनातले द्राक्षारसाचे चार प्याले, एका जुन्या स्पष्टीकरणानुसार, निर्गम ६ मधल्या सुटकेच्या चार वचनांसाठी असतात. ख्रिस्ती परंपरा यिर्मया ३१ मधला ‘नवा करार’ येशूमध्ये पूर्ण झाला असे मानते. सुंतेच्या वेळी एलिया संदेष्ट्यासाठी खुर्ची राखण्याची ज्यू प्रथा आहे, कारण तो कराराचा साक्षी मानला जातो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात याच एलियाहू हनावीचे स्मरण करून, गोड पोहे, खोबरे आणि फळे मांडून मलिदा केला जातो. नवस फेडायचा असो वा शुभकार्य असो, त्या ताटाभोवती त्याचे गीत गायले जाते.