बालपणीचे मानसिक आघात व प्रौढ वयातील मनोविकार

बालपणी सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, सततची हेटाळणी, आबाळ किंवा घरातील हिंसा यांचा मनावर झालेला आघात उपचारांविना राहिल्यास प्रौढपणी अवसाद (नैराश्याचा विकार), चिंताविकार, व्यसनाधीनता, आत्महत्येचे विचार, जवळच्या माणसांविषयीही अविश्वास अशा रूपांत डोके वर काढू शकतो. आघात सोसलेल्या प्रत्येकाला विकार होतोच असे नाही; परंतु ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला या विषयातील निरीक्षणांशी जुळत नाही.

बालपणीचा आघात प्रौढपणी मनोविकाराच्या रूपात प्रकटतो, या विचाराचे जनकत्व सामान्यतः मनोविश्लेषणाचे प्रवर्तक झीगमुंड फ्रॉइड यांना दिले जाते. तथापि फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर झाने यांनी १८८९ मध्येच, आघाताच्या स्मृती जाणिवेपासून तुटून वेगळ्या राहतात व तेथूनच वर्तनावर परिणाम करतात, असे मांडले होते. फ्रॉइड यांनी २१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्नात वाचलेल्या निबंधात १८ रुग्णांच्या आधारे उन्मादाचे (हिस्टेरियाचे) मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात असल्याचे प्रतिपादन केले. पुढल्याच वर्षी, २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात, या उपपत्तीवर आपला विश्वास उरला नसल्याचे त्यांनी मित्र फ्लीस यांना कळविले. माघारीचे कारण वादग्रस्त आहे. समव्यावसायिकांच्या रोषापुढे फ्रॉइड यांचे धैर्य खचले, असे फ्रॉइड यांच्या पत्रांचे संपादक जेफ्री मेसन यांनी १९८४ मध्ये मांडले. फ्रॉइड यांचे टीकाकार ॲलन एस्टरसन आदींच्या मते रुग्णांनी तशा हकिकती मुळात आपणहून सांगितल्याच नव्हत्या. त्या फ्रॉइड यांनी अनुमानाने काढल्या. असे काही आठवत असल्याची भावना आपल्याला नाही, असे रुग्ण आवर्जून सांगत, हे फ्रॉइड यांनी स्वतःच त्या निबंधात नोंदविले आहे. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र माघारीची किंमत खऱ्या पीडितांना मोजावी लागली. १९३२ मध्ये हंगेरियन मनोविश्लेषक शांडोर फेरेन्त्सी यांनी व्हीसबाडेन (जर्मनी) येथील मनोविश्लेषकांच्या अधिवेशनात बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचा प्रश्न पुन्हा मांडला, तेव्हा फ्रॉइड यांनाच ते रुचले नाही.

आधुनिक संशोधनाला दिशा मिळाली ती वजन घटविण्याच्या एका उपचारकेंद्रात. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी यांना १९८० च्या दशकात आढळले, की वजन उत्तम घटत असलेले रुग्णच उपचार अर्धवट सोडत होते. त्याचे कारण शोधताना, प्रथम शरीरसंबंध आला तेव्हा वय किती होते, असे एका स्त्रीला विचारताना त्यांच्या तोंडून चुकून ‘वजन किती होते’ असे निघाले. ‘चाळीस पौंड’, ती म्हणाली, आणि रडू लागली. चाळीस पौंड म्हणजे सुमारे १८ किलो. चार-पाच वर्षांच्या मुलीचे वजन. पुढे फेलिटी व रॉबर्ट आंडा यांनी १९९८ मध्ये ९,५०८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांच्या सात प्रकारांपैकी चार वा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, अवसाद व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट आढळला.

ही माहिती प्रौढांच्या आठवणींवर आधारलेली होती, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या २०१९ च्या एका संकलित विश्लेषणानुसार बालपणीच झालेली नोंद व पुढे सांगितलेली आठवण यांचा मेळ फार थोडा बसतो. नोंद असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी मोठेपणी तसा अनुभव सांगितला नाही. याचा अर्थ सांगणारे खोटे बोलतात असा काढणे चूक ठरेल. अँड्रिया डानेझे व कॅथी स्पॅट्झ विडम यांच्या २०२० च्या अभ्यासात मनोविकारांचा संबंध न्यायालयीन नोंदीपेक्षा व्यक्तीच्या स्वतःच्या कथनाशी अधिक जवळचा दिसला. उपचारकाच्या दृष्टीने म्हणूनच रुग्णाचे सांगणे मोलाचे.

तीव्र ताण वारंवार आल्यास कॉर्टिसॉल या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकाचे नियंत्रण बिघडते व धोक्याची जाणीव कायम जागी राहते, असे मानले जाते. दार आपटल्याच्या आवाजाने चाळिशीतला माणूस दचकून घामेघूम होतो, तो यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल १ जानेवारी २०२२ पासून) ‘जटिल आघातोत्तर ताण विकार’ (दीर्घकाळ वा वारंवार सोसलेल्या आघातानंतरचा विकार) स्वतंत्रपणे समाविष्ट आहे. अमेरिकन वर्गीकरणात तो वेगळा नाही. आघातकेंद्री बोधनिक वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार व वागणे बदलण्याचा उपचार) व नेत्रचलनाधारित उपचार (ईएमडीआर; आघात आठवत असताना डोळ्यांची ठरावीक हालचाल करविणारा) हे प्रमुख उपचार होत.

भारतात केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. २०१२ मध्ये लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा झाला. पाहणीतील ती मुले आज तिशीच्या आसपास वा त्यापुढे आहेत.