सिल्व्हर्टन: सातशे माणसांच्या काउंटीचं डोंगरातलं मुख्यालय

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या सिल्व्हर्टनचे फोटो बघितले की पहिला प्रश्न हाच येतो की एवढ्याशा गावात सोनेरी घुमटाचं एवढं देखणं कोर्ट कशाला. २०२० च्या जनगणनेत गावची वस्ती ६२२ आणि अख्ख्या सॅन हुआन काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ७०५, म्हणजे हे गाव सोडलं तर काउंटीत जवळजवळ माणूसच नाही.

याचं उत्तर जमिनीखाली आहे. सुमारे २.७ कोटी वर्षांपूर्वी इथला ज्वालामुखी फुटून खाली खचला, कडेने गोलाकार भेगा पडल्या आणि नंतरच्या काळात गरम पाण्याबरोबर वर आलेलं सोनं, चांदी, शिसं, जस्त त्या भेगांमध्ये बसलं. अ‍ॅनिमास नदी आणि मिनरल क्रीक (क्रीक म्हणजे ओढा) आजही साधारण त्याच कडेने वळसा घालून वाहतात, सिमेंट क्रीकही गावाजवळच नदीला मिळतो, आणि या सगळ्या पाण्याच्या भेटीपाशी डोंगरांमध्ये थोडी सपाट जागा आहे, तिचं नाव बेकर्स पार्क. चार्ल्स बेकर १८६० मध्ये सोनं शोधत इथे आला होता, त्याच्यावरून हे नाव. उंची २८४० मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई शिखरही हजारेक मीटर खाली राहील.

जमीन इथल्या मूळ रहिवासी युट लोकांची होती. खाणवाले आधीच घुसलेले, मग १८७३ च्या ब्रुनो कराराने हा डोंगराळ भाग युटांकडून काढून घेतला गेला, हे विसरून गावाचा इतिहास सांगूच नये असं मला वाटतं. १८७४ मध्ये गाव आखलं गेलं. काउंटीचं मुख्यालय सुरुवातीला नदीच्या वरच्या अंगाला हॉवर्ड्सव्हिलला होतं, ते लवकरच इकडे आलं, आणि माझ्या मते त्यात या सपाट जागेचा मोठा हात असणार. जुलै १८८२ मध्ये दक्षिणेकडच्या ड्युरँगो गावाहून ४५ मैलांची नॅरोगेज रेल्वे आली आणि गावाचं नशीबच पालटलं, कारण तोवर खनिज खेचरांच्या पाठीवरून घाट उतरत होतं. मग ग्रीन स्ट्रीटवर ग्रँड इम्पीरियल हॉटेल, शेजारच्या ब्लेअर स्ट्रीटवर दारूचे गुत्ते आणि जुगार, १९०२ मध्ये जेल (आता तिथे म्युझियम आहे) आणि १९०७ मध्ये ते कोर्ट, जेव्हा काउंटीत तीन हजारांच्या आसपास लोक राहत होते.

उत्तरेला रेड माउंटन पास ओलांडून यूरे गावाला जाणारा रस्ता, मिलियन डॉलर हायवे, ऑटो मिअर्स या रस्ते बांधणाऱ्या माणसाने काढलेल्या टोल रस्त्यांमधून घडला. घाटातल्या बऱ्याच वळणांवर कठडाच नाही, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी, कारण हिवाळ्यात नांगरगाडीला बर्फ ढकलायला तीच एक जागा असते.

अ‍ॅन्व्हिल माउंटनच्या उतारावर ख्रिस्ताचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, १९५९ चा. खाणी बंद पडत होत्या तेव्हा गावकऱ्यांनी तो उभारला. ४ जून १९७८ ला सनीसाइड खाणीवरच्या एमा तलावाचा तळ फुटला, सगळं पाणी चिखलासकट बोगद्यांतून धडधडत ग्लॅडस्टोन नावाच्या ठिकाणी बाहेर पडलं, पण त्या दिवशी रविवार होता आणि आत एकही माणूस नव्हता. गावात आजही लोक याला त्या पुतळ्याची कृपा मानतात, आणि ज्यांची माणसं सोमवारी खाली उतरणार होती त्यांना दुसरं काय वाटणार!

सनीसाइड १९९१ मध्ये बंद झाली. पण खाण बंद केली म्हणून पाणी थांबत नाही, ते जुन्या बोगद्यांत साचतं, दगडातल्या गंधकाने आम्लधर्मी होतं आणि धातू विरघळवत राहतं. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी सरकारी पथकाचं काम चालू असताना अडलेलं पाणी सुटलं, सुमारे ३० लाख गॅलन, सिमेंट क्रीकमधून अ‍ॅनिमासमध्ये, आणि नदी ड्युरँगोपर्यंत आणि त्याच्याही पुढे हळदीसारखी पिवळी होऊन वाहिली. पुढच्याच वर्षी या खाणींचा परिसर केंद्राच्या सुपरफंड यादीत, म्हणजे साफसफाईची गरज असलेल्या प्रदूषित जागांच्या यादीत, गेला. रेल्वे अजून चालू आहे, फक्त आता खनिजाऐवजी पर्यटक घेऊन त्याच नदीच्या काठाने वर येते.