शम्म अल्-नसीम: कांदा, खारा मासा आणि ईस्टरनंतरचा सोमवार

इजिप्तमध्ये वसंताची सुट्टी कायम सोमवारी येते, आणि कोणता सोमवार ते कॉप्टिक चर्चचं, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती पंथाचं, पंचांग ठरवतं. ईस्टरचा रविवार उलटला की दुसऱ्या दिवशी शम्म अल्-नसीम, म्हणजे झुळूक हुंगायचा दिवस. २०२५ साली तो २१ एप्रिलला होता. तारीख ख्रिस्ती, सण मात्र सगळ्यांचा. मुसलमान कुटुंबंही पोराबाळांसह, डबे बांधून बागेत नाहीतर नाईलकाठी जातात. काही कट्टर धर्मगुरू नाकं मुरडतात. गर्दी हटत नाही.

सण थेट फॅरोंच्या काळातला, असं तिथे सर्रास सांगतात. प्राचीन पंचांगात ‘शेमू’ हा सुगीचा ऋतू होता, हे खरंच. पण त्या ऋतूपासून आजच्या सहलीपर्यंत सलग धागा दाखवणं अवघड. ईस्टरशी सांगड कशी पडली? जुना वसंतोत्सव ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात येई, तेव्हा मेजवानी कशी करणार, म्हणून तो पुढे ढकलला, असं म्हणतात. पटण्याजोगं आहे, पण शेवटी तर्कच.

एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ साली छापलेलं वर्णन मात्र डोळ्यांदेखतचं आहे. सकाळी, विशेषतः बायका, कांदा फोडून हुंगत. मग कैरोकर पायी, जनावरांवर किंवा होड्यांतून, बहुधा उत्तरेकडे जात आणि बाहेरच जेवत. त्या दिवशीची हवा प्रकृतीला फार मानवते, अशी समजूत. १८३४ साली झुळुकीऐवजी धुळीचे लोट घेऊन गरम वारा सुटला, तरी लोक हुंगायला गेलेच, हेही लेन नोंदवतो! वाळवंटातून येणाऱ्या ‘खमासीन’ वाऱ्यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो, त्यामुळे नवल नाही.

आजही कैरोच्या उत्तरेला, नाईलला फाटे फुटतात तिथल्या कनातिर बंधाऱ्याच्या बागा या दिवशी ओसंडतात.

जेवणात रंगवलेली अंडी, हिरवा पातीचा कांदा, लेट्यूस आणि फसीख. फसीख म्हणजे बोय मासा आधी फुगू देऊन मग मिठात मुरवलेला. वास आपल्या खाऱ्या बांगड्यालाही लाजवेल. मुरवण्यात चूक झाली तर बॉट्युलिझमची विषबाधा होते. १९९१ साली कैरोत ९१ जण रुग्णालयात दाखल झाले, १८ दगावले. तेव्हापासूनच्या सावधगिरीत आरोग्य खातं सणाआधी इशारे देतं, काही घरांत धुरवलेला हेरिंग मासा येतो, आणि बाकीचे आपल्या ओळखीच्या फसीखवाल्याचीच खात्री देतात.