तुमच्या सॉफ्ट टॉयचं ट्रेनिंग आणि देखभाल: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरी आलेल्या नव्या पाहुण्याचं स्वागत! कुत्रा असो, अस्वल असो की हत्ती, खाली दिलेलं सगळ्यांनाच चालतं, फक्त सोयीसाठी आम्ही कुत्रा धरून चाललोय.

पहिलं काम नाव ठेवायचं. नाव मुलालाच ठेवू द्या, कितीही विचित्र असलं तरी, आणि मग घरातल्या सगळ्यांनी त्याच नावाने हाक मारा.

खऱ्या कुत्र्याला बहुतेक जण आधी 'बस' शिकवतात, पण इथे 'थांब'पासून सुरू करा असं आम्ही आवर्जून सांगतो, कारण ते याला पहिल्याच दिवशी जमतं आणि मुलाला वाटतं की अरे, आपलं ऐकतोय हा! तळहात समोर धरायचा, 'थांब' एकदाच म्हणायचं, दोन पावलं मागे जायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं आणि परत येऊन लगेच शाबासकी द्यायची. खरं तर या वेळात वाट बघायला शिकत असतं ते मूल, लहान वयात पाच मोजेपर्यंत गप्प उभं राहणं ही खूप मोठी गोष्ट आहे, म्हणून तेव्हा मुलाचंही कौतुक करा.

'बस'साठी खोटा खोटा खाऊ नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. खरा कुत्रा खाऊ बघायला मान वर करतो आणि त्याचा मागचा भाग आपोआप खाली टेकतो, सॉफ्ट टॉयचा मात्र आपल्याला दुसऱ्या हाताने हलकेच टेकवावा लागतो. खरा खाऊ तोंडाला लावू नका, डाग पडतात आणि मुंग्या लागतात. 'ये'ला दोन माणसं लागतात, एकाने बोलवायचं आणि दुसऱ्याने चालवत आणायचं, इथे आजी-आजोबा फार कामाला येतात. गळ्यात लांब दोरी मात्र बांधू नका, मुलाच्या गळ्याला फास बसू शकतो.

पाच मिनिटं झाली की थांबायचं, तेही जमलेल्या गोष्टीवरच.

कधी मूल त्याच्यावर ओरडेल, फटकाही मारेल. लगेच रागवू नका, 'तो घाबरला वाटतं, आता काय करूया?' एवढंच विचारा, बरीच मुलं स्वतःच त्याला जवळ घेतात. शेपूट ओढायची नाही, झोपलेल्याला किंवा खात असलेल्याला त्रास द्यायचा नाही, दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्याआधी विचारायचं, हे सगळं इथेच खेळता खेळता पक्कं होतं. एक फरक मात्र नक्की सांगा, सॉफ्ट टॉयला गळामिठी चालते, खऱ्या कुत्र्यांना ती बऱ्याचदा आवडत नाही, तिथे सरळ अंगावर झेपायचं नाही.

आता आंघोळ. आत आवाजाची डबी किंवा बॅटरी असेल तर पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या फडक्याने वरवर पुसायचं. बाकीच्यांना आधी लेबल बघून, उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, गार पाण्यात जेंटल मोडवर धुवा. पिळू नका, चिमटा लावून कानाला लटकवू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आडवं ठेवून वाळवा, आतला कापूस पूर्ण वाळेपर्यंत, नाहीतर कुबट वास येतो. इस्त्री आणि गरम ड्रायर नकोच, सिंथेटिक केस वितळून कडक होतात. धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पूर्ण एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, धुळीतले किडे मरतात, पण घाण आतच राहते म्हणून नंतर धुवायला हवंच. आणि हो, मुलाला न सांगता धुवू नका. बऱ्याच मुलांना त्याचा वासच हवा असतो, त्यामुळे शाळेचा पहिला दिवस किंवा प्रवास तोंडावर असताना तर नाहीच.

बाळ एक वर्षाचं होईपर्यंत झोपताना त्याच्याजवळ कुठलंही सॉफ्ट टॉय ठेवू नका, श्वास कोंडायचा धोका असतो. तीन वर्षांखालच्या मुलाकडे असेल तर डोळे, नाक, बटणं अधूनमधून ओढून बघा, सैल वाटलं की लगेच काढून घ्या.

शिवण उसवली तर छोटी असतानाच टाके घाला, टाके आतल्या बाजूने घेतले की दिसत नाहीत. जमत नसेल तर आमच्याकडे पाठवा, सोबत चिठ्ठीवर त्याचं नाव आणि त्याला काय काय येतं ते लिहा, म्हणजे इथेही आम्ही त्याला नावानेच हाक मारू.